औंधचे विलीनीकरण आणि आटपाडी महालाचा राहिलेला हिशेब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना या मुलखाचे गाव न् गाव ठाऊक होते. म्हणून आज मी एका राज्याबद्दल बोलणार आहे, जे आपल्या शेजारीच होते आणि आज नकाशात सापडत नाही. म्हसवडहून आटपाडीकडे निघालेला माणूस 1948 पर्यंत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. नदी तीच, माळ तोच, मेंढरे त्याच वाटेने जायची. पण अलीकडे इंग्रजांचा माण तालुका होता आणि पलीकडे औंध संस्थानचा आटपाडी महाल. 8 मार्च 1948 रोजी औंधसह दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि ही सीमा संपली. सीमा गेल्याचे कुणाला वाईट वाटायचे कारण नाही, मलाही नाही. मात्र त्या दिवशी सीमेबरोबर आणखी काहीतरी गेले. त्याचा हिशेब आपण कधी मांडलाच नाही. तो आज मांडायचा आहे.

औंध हे फार लहान संस्थान होते. क्षेत्रफळ सुमारे 501 चौरस मैल, आणि 1941 च्या खानेसुमारीत लोकसंख्या 88,762. तेही एकसंध नाही. औंध, कुंडल आणि आटपाडी हे तीन तुकडे आपल्या बाजूला, तर चौथा गुणदाळचा तुकडा थेट विजापूरकडे. सगळी मिळून बहात्तर गावे. छत्रपती राजारामांच्या काळात परशुराम त्रिंबक यांना प्रतिनिधीपद मिळाले, त्यांच्या घराण्याची ही जहागीर. शेवटचे सत्ताधारी राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांचा जन्म 1868 चा, आणि 1909 मध्ये ते गादीवर आले. सूर्यनमस्कारांचा प्रचार, चित्रकला, यमाईच्या डोंगरावरचे संग्रहालय, पंडित सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळाला दिलेला आसरा, कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना 1910 मध्ये दिलेली जागा, हे सगळे तुम्हांला ठाऊक आहे. 1935 मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच होते. त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी इथे फार थांबत नाही.

थांबायचे आहे ते 1938 च्या अखेरीस. बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परत आले होते. त्यांच्याबरोबर मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश ज्यू अभियंता औंधला आला. बंगलोरच्या सरकारी वीज-कारखान्यातली चांगली नोकरी आणि गांधीजींचे वेड, अशा दोन्ही गोष्टी या माणसापाशी होत्या. पुढे तो भारतानंद या नावाने ओळखला जाऊ लागला. राजाने आपली सत्ता आपण होऊन रयतेला द्यावी, ही कल्पना या दोघांनी बाळासाहेबांपुढे मांडली आणि सत्तरीच्या राजाने ती मान्य केली. दोघे सेवाग्रामला गेले. गांधीजींनी आराखडा नुसता वाचून आशीर्वाद दिला नाही, तर त्याची मांडणीच बदलली. सुरुवात वरच्या विधिमंडळापासून नको, गावापासून करा, असे त्यांनी सांगितले. राजाने ठरावीक तनख्यात साधेपणाने राहावे असे सुचवले. मताधिकाराला अक्षरओळखीची अट असावी, हा त्यांचाच आग्रह. अप्पासाहेबांकडून त्यांनी दहा वर्षे औंध न सोडण्याचे वचन मागितले. 21 जानेवारी 1939 रोजी औंधच्या स्वराज्याचा कायदा अमलात आला.

त्याच वेळी राजकोटात काय चालले होते ते आठवा. ठाकोरसाहेबांनी प्रजेला दिलेला शब्द मोडला म्हणून मार्च 1939 मध्ये गांधीजी तिथे उपोषणाला बसले. एका संस्थानात सुधारणांच्या एका समितीसाठी महात्म्याला प्राण पणाला लावावे लागत होते, आणि आपल्या शेजारच्या आटपाडीत गावकरी आपले पंच निवडत होते.

ही व्यवस्था नीट समजून घेऊ, कारण आजच्या ग्रामपंचायतीच्या सवयीने आपण तिच्याकडे पाहतो आणि तिचे वेगळेपण हरवते. प्रत्येक गावाने पाच पंच निवडायचे आणि त्यांच्यातूनच गावाचा प्रमुख ठरायचा. अशा प्रमुखांची मिळून तालुका पंचायत व्हायची. तालुक्यातून प्रतिनिधी औंधच्या विधिमंडळात जायचे आणि मंत्री त्या विधिमंडळाला जबाबदार. म्हणजे वरच्या सभागृहातला माणूस आधी कुठल्यातरी गावाच्या चावडीत निवडून आलेला असायचा. शाळा, विहीर, रस्ता आणि गावातले किरकोळ तंटे हे गावाने गावात सोडवायचे. मामलेदाराच्या कचेरीकडे अर्ज घेऊन जाणारा शेतकरी आणि पंचांच्या बैठकीत घोंगडीवर बसून खर्चाचा जाब विचारणारा शेतकरी, यांत केवढे अंतर आहे ते माण तालुक्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. आपल्याकडे अर्जच होते.

आणि काळ बघा. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 1939 मध्ये राजीनामा दिला. त्यानंतर 1946 पर्यंत या प्रांतावर गव्हर्नरची सत्ता होती. युद्धाची सगळी वर्षे दहिवडीच्या, म्हसवडच्या माणसाला लोकांनी निवडलेले सरकार नव्हतेच. नेमक्या त्याच वर्षांत आटपाडी महालात लोकनियुक्त पंचायती काम करत होत्या. लोकशाही आपल्याकडे 1947 नंतर दिल्लीहून आली, असे शाळेत शिकवले जाते. माणगंगेच्या खोऱ्याच्या एका भागात ती आठ वर्षे आधीच आली होती, आणि ती गावातून वर चढत गेली होती. माझ्या मते या मुलखाच्या इतिहासातली ही फार मोठी गोष्ट आहे. शेजारी असून आम्हांला ती माहीत नसावी, याचे मला मनापासून दुःख होते.

कुंडलकडे याचा वेगळा परिणाम दिसला. 1942 नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे एक मोठे केंद्र कुंडल होते. जी. डी. बापू लाडांची तुफान सेना तिथलीच. इंग्रज हद्दीतला पाठलाग संस्थानच्या हद्दीशी अडखळायचा आणि औंधच्या राज्यकर्त्यांची सहानुभूती कुणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक होते. एका छोट्या संस्थानात राजाने दिलेले स्वराज्य आणि त्याच मातीत लोकांनी बंड करून उभारलेले सरकार, ही दोन्ही शेजारी शेजारी नांदली. या दोहोंचा एकत्र अभ्यास व्हायला हवा, पण तो विषय एका व्याख्यानात मावणारा नाही.

आता एक कठोर गोष्टही सांगितली पाहिजे. हे स्वराज्य गावाच्या वेशीपर्यंत आले. वेशीबाहेर महारवाड्यात ते कितपत पोचले, हे विचारायचे असेल तर शंकरराव खरातांकडे जावे लागते. त्यांचा जन्म 1921 चा, आटपाडीचाच. ‘तराळ अंतराळ’ या आत्मचरित्रात त्यांनी तराळकीचे, म्हणजे महाराने करायच्या गावचाकरीचे, जे जिणे लिहून ठेवले आहे, ते याच महालातले आहे. गावाला पंचायत मिळाली म्हणून तराळाची रात्रीअपरात्रीची धावपळ थांबली नाही. महार वतने कायद्याने गेली ती मुंबई राज्याच्या 1958 च्या कायद्यामुळे. कसेल त्याची जमीन म्हणणारा 1948 चा कूळकायदाही मुंबई सरकारचाच. लहान राज्यात वतनदार जवळ असतो आणि त्याची नजरही जवळून पडते. मोठ्या राज्याचा कायदा लांबून येतो, म्हणूनच कधीकधी तो दुबळ्याच्या कामी येतो. विलीनीकरणाने या लोकांना जे मिळाले ते कमी लेखणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही.

तरीही प्रश्न उरतो: विलीनीकरण झाले ते कसे?

स्वातंत्र्याच्या सुमारास दक्षिणेतल्या आठ संस्थानिकांनी एकत्र येऊन संघराज्य काढायचा खटाटोप केला. औंध त्यात होते. तो प्रयत्न मूळ धरण्याआधीच 30 जानेवारी 1948 उजाडला. गांधीजींच्या हत्येनंतर सातारा-सांगलीच्या पट्ट्यात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’ कादंबरी लिहिली ती याच दिवसांवर. ज्या माणसाच्या सल्ल्याने औंधचे स्वराज्य आकाराला आले, त्याच्या खुनाच्या निमित्ताने औंधच्या गावांतली घरे पेटावीत, यासारखे दुर्दैव नाही. त्या धुरातच विलीनीकरणाची बोलणी झाली. 19 फेब्रुवारीला करार ठरला आणि 8 मार्चला अंमल सुरू झाला. हत्येपासून अंमलापर्यंत पुरते सहा आठवडेही गेले नव्हते.

कराराखाली सही होती ती राजाची. सगळ्या संस्थानांचा साचा एकच होता. राजाने आपली संपूर्ण सत्ता भारत सरकारच्या हवाली करायची, आणि बदल्यात त्याचा तनखा, त्याची खासगी मालमत्ता, पदव्या आणि वारसाहक्क यांची हमी घ्यायची. दुसऱ्या कुठल्या संस्थानात हे ठीकच होते, कारण तिथे सत्ता खरोखर राजाकडे होती. औंधात मात्र राजाने नऊ वर्षांपूर्वीच ती लोकांच्या हाती दिली होती. कागदावर हवाली केली गेली ती सत्ता आटपाडीच्या, कुंडलच्या, गुणदाळच्या पंचांची होती. राजाच्या तनख्यासाठी करारात कलम होते. बहात्तर गावांच्या पंचायतींसाठी तशी हमी देणारे कलम त्या साच्यात नव्हते. तनखाही 1971 च्या घटनादुरुस्तीने गेला, पण जाण्याआधी संसदेत त्यावर रणे माजली. पंचायती गेल्या त्यासाठी कुणी सभात्याग केला नाही.

सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांच्यापुढे तेव्हा साडेपाचशेहून अधिक संस्थाने होती, हैदराबाद पेटलेले होते, काश्मीरात लढाई चालू होती. पाचशे चौरस मैलांच्या औंधसाठी वेगळा मसुदा करायला त्यांना सवड नव्हती. हे मी समजू शकतो. पण औंध हे इतर संस्थानांसारखेच एक संस्थान, असे त्या साच्याने ठरवले आणि इतिहासाच्या पुस्तकांनीही तेच उचलले, ते मात्र मान्य करता येत नाही.

या संदर्भात मला जपानचे उदाहरण विचार करण्याजोगे वाटते. तिथे राज्ये नव्हेत, गावे आणि शहरेच एकमेकांत विलीन केली जातात, आणि हे गेली सव्वाशेहून अधिक वर्षे चालले आहे. 1888-89 मध्ये एका फटक्यात 71,314 गावांची 15,859 झाली. अगदी अलीकडे 1999 मध्ये तिथे 3,232 नगरे आणि गावे होती, 2010 च्या मार्चअखेर 1,727 उरली. कारणे आपल्या ओळखीची आहेत: ओस पडणारी खेडी, म्हातारी होत चाललेली वस्ती, आटलेली तिजोरी. सरकारने विलीन होणाऱ्यांना सवलतीच्या कर्जाचे आमिष दाखवले आणि त्याला मुदत घातली. गावोगावच्या कचेऱ्या शेजारच्या मोठ्या शहराच्या शाखा झाल्या. तरी तिथे विलीन होण्याचा ठराव त्या गावाच्या सभागृहात मंजूर व्हावा लागे, आणि कित्येक ठिकाणी रहिवाशांचा कौलही घेतला गेला. फुकुशिमा प्रांतातल्या यामात्सुरी या छोट्या गावाने ऑक्टोबर 2001 मध्ये, आम्ही विलीन होणार नाही, असे जाहीरच करून टाकले आणि खर्च कमी करून ते आपल्या पायावर उभे राहिले. औंधच्या पंचायतींना नाही म्हणता आले असते की नाही, हा प्रश्न वेगळा. बहुधा त्यांनी होच म्हटले असते, कारण स्वतंत्र भारतात सामील होण्याची ओढ त्यांनाही होती. पण ते हो त्यांच्या तोंडून यायला हवे होते.

विलीनीकरणानंतर पुढचे फार पटापट घडले. ज्या अप्पासाहेबांनी दहा वर्षांचे वचन दिले होते, ते 1948 मध्येच भारताचे प्रतिनिधी म्हणून पूर्व आफ्रिकेत गेले. सातवळेकर स्वाध्याय मंडळ घेऊन गुजरातेत पारडीला गेले. बाळासाहेब 1951 मध्ये वारले. ऑगस्ट 1949 मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. राजधानीचे औंध उत्तरेत राहून खटाव तालुक्यातले एक गाव बनले. आटपाडी आणि कुंडल दक्षिण साताऱ्यात, म्हणजे 1960 पासूनच्या सांगली जिल्ह्यात गेले. गुणदाळ विजापूर जिल्ह्याबरोबर 1956 मध्ये म्हैसूर राज्यात गेले, आज ते कर्नाटकात आहे. एकाच विधिमंडळात बसणाऱ्या चार तालुक्यांचे असे तीन जिल्हे आणि दोन राज्ये झाली. आटपाडीला स्वतःच्या तालुक्याचा मान मिळायला 1965 साल उजाडले.

आणि पंचायत राज्य? ते परत आले 1 मे 1962 रोजी, जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांच्या रूपाने. ते आणणारे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कुंडलजवळच्या देवराष्ट्र्याचे. औंधचा प्रयोग त्यांच्या डोळ्यांदेखत झालेला. तरी आटपाडी महालाने 1948 मध्ये गमावलेले त्याला परत मिळायला चौदा वर्षे लागली, आणि तेव्हा त्याला सांगण्यात आले की हे नवीन आहे. गावापासून वर जाणारी औंधची रचना तर परत आलीच नाही. आज गावाच्या पंचायतीचा, तालुक्याच्या समितीचा आणि विधानसभेचा उमेदवार वेगळा, निवडणूक वेगळी. सरपंच होऊन तालुक्यात आणि तिथून विधिमंडळात, ही साखळी तुटली ती तुटलीच.

मग उरले काय? दोन गोष्टी मला ठळक दिसतात.

पहिली गोष्ट आपल्या गोठ्यातली आहे. पशुवैद्यकाच्या पुस्तकांत खिल्लार जातीचे पोटप्रकार दिलेले असतात. त्यांत एक म्हसवड खिल्लार, आणि एक हणम खिल्लार, ज्याचे दुसरे नाव आटपाडी महाल असे छापलेले असते. महाल महसुली दप्तरातून गेला, पण बैलाच्या वाणात त्याचे नाव टिकले. ताठ शिंगांचा, अंगाने सडपातळ, चालीला तेज असा तो बैल कार्तिकात आटपाडीच्या उत्तरेश्वराच्या यात्रेत दावणीला उभा असतो. त्याचा सौदा करणाऱ्यांना तो कुठल्या राज्याचे नाव मिरवतो हे ठाऊक असो वा नसो.

दुसरी गोष्ट स्वतंत्रपूर. आटपाडीजवळ 1939 मध्ये फ्रीडमनच्या कल्पनेतून ही वसाहत उभी राहिली. जन्मठेपेचे कैदी, खून केलेली माणसे, भिंतीवाचून, बेड्यांवाचून शेती करत राहू लागली, तीही बायकामुलांसह. खडकाळ माळ त्यांनी पिकाखाली आणला. इकडे स्वराज्याचा कायदा आणि तिकडे कुंपण नसलेला तुरुंग, हे एकाच वर्षातले, एकाच विश्वासातून निघालेले. माणूस आपला कारभार आपण सांभाळू शकतो, मग तो साधा शेतकरी असो की शिक्षा झालेला कैदी. शेटफळ्याला जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी हे जवळून पाहिलेले होते. त्यांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि तो बर्लिनपर्यंत गाजला. लोक तो चित्रपट सिनेमावाल्याची कल्पना समजून पाहतात. विलीनीकरणानंतर मुंबई सरकारने आणि पुढे महाराष्ट्राने स्वतंत्रपूर चालू ठेवले, आजही ती खुली वसाहत आहे. पंचायती मोडल्या आणि तुरुंग राहिला, याचे कारण माझ्या समजुतीप्रमाणे एवढेच की तुरुंगासाठी सरकारात खाते होते. गावाने वरच्यांना जाब विचारण्यासाठी तसे खाते नव्हते.

जाता जाता साहित्याचा उल्लेख करतो. ग. दि. माडगूळकर 1973 मध्ये यवतमाळच्या, व्यंकटेश माडगूळकर 1983 मध्ये अंबाजोगाईच्या, आणि शंकरराव खरात 1984 मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तिघेही आटपाडी महालाचे. पावसाने कायम पाठ फिरवलेल्या एका महालातून हे तिघे निघाले. राजाश्रय हे त्याचे सोपे उत्तर दिले जाते. गावातल्या शाळेवर गावाचा खर्च आणि गावाचाच पहारा होता, अक्षर आल्याशिवाय मत नाही असे म्हणणाऱ्या माणसाचे तिथे वजन होते, या गोष्टी मला अधिक महत्त्वाच्या वाटतात.

शेवटी एक काम सांगतो, आणि ते इथे बसलेल्या तरुणांसाठी आहे. 1939 ते 1948 या काळात जे पंच होते ते आता हयात नाहीत, पण त्यांची घरे आहेत. आटपाडी, दिघंची, खरसुंडी, करगणी या बाजूला तुमची सोयरिक आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत, देवघरामागच्या फडताळात, जुन्या खातेवह्यांच्या गठ्ठ्यात औंध सरकारचा छाप असलेला कागद सापडू शकतो. पंचायतीच्या बैठकीची नोंद, शाळेच्या वर्गणीची यादी, तंट्याचा निवाडा, काहीही. तो मागून नेऊ नका, विकत तर मुळीच घेऊ नका. त्याच घरात बसून दोन्ही बाजूंचा फोटो काढा, गावाचे नाव, साल आणि वाचता येतील तेवढ्या पंचांची नावे वहीत उतरवा, आणि कागद होता तिथे परत ठेवा. वहीची एक प्रत इथल्या वाचनालयात द्या, एक आटपाडीच्या वाचनालयात. मोडी वाचणारे दोघे-तिघे या पंचक्रोशीत अजून आहेत. त्यांना बसायला जागा आणि चहा द्यायची जबाबदारी मी घेतो.